पायाळूच्या कंबरेले पाय कोण लावणार

मी लिहिली-शिकली बाई नाई. मी सांगून राह्यली अन् माही पोरगी रेखा लिहून राह्यली. मधात मधात ती म्हणते, "माय, हे नको सांगू, लोक काय म्हणतील." मी तिले म्हटलं, "मासोळी साफ कराची तं पोट फाडाच लागते. नुसते खवले काढून कोणाची भाजी झाली?"

गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं मले म्हटलं होतं, "अनुसयाबाई, तुमच्यासारख्या किती तरी बाया कंबर धरून घरात बसल्या असतील. त्यांना तुमचं सांगा." म्हणून हे सांगणं. पण एक गोष्ट आधीच बोललेली बरी. शेवटी मी उठली अन् चालाले लागली, असं यात काही नाई. ज्याले तसं आयकाचं असन त्यानं दुसऱ्याच्या दारी जावं.

माहा पाय

मी मायच्या पोटातून डोक्याकडून नाई, पायाकडून निघाली. अशा लेकराले पायाळू म्हणतात. आमच्या झाडीपट्टीत पायाळू माणसाचा मान मोठा. कोणाच्या कंबरेत चमक भरली की पहिले पायाळूचा पाय, मंग दवाखाना. दुखणारा उंबरठ्यापाशी पालथा पडते. पायाळूनं उगवतीकडे तोंड करून उभं राहाचं, डाव्या पायानं दुखत्या जागी हळूच तीनदा लाथ लावाची, अन् तोंडातून शब्द काढाचा नाई. झालं.

लहानपणापासून हे काम माह्याकडे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तं दारात रांग राहे. दिवसभर चिखलात वाकून बायांच्या कंबरा धरत, धानाचे पोते उचलून गड्यांच्या. कोणी एक हात कंबरेवर ठेवून दारात उभा दिसला की मी हातातलं काम ठेवून उठत होती. त्याचे पैसे घेत नाईत, घेतले तं गुण जाते. कोणी जाता जाता कोनाड्यात ओंजळभर लाखोरीची डाळ ठेवून जाय, अन् मी पाह्यलंच नाई असं दाखवत होती.

गुण येत होता का? मले काय मालूम. माणूस वाकडा येत होता अन् सरळ होऊन जात होता, एवढं मी डोळ्यानं पाह्यलं.

पोटाचं काम म्हणाल तं मासोळीचं. आमी ढिवर. माहा घरवाला, रेखाचा बाप, आरमोरीच्या अलीकडे आमच्या गावच्या तलावात जाळं टाके अन् मी टोपलं डोक्यावर घेऊन आजूबाजूच्या गावात विकत होती. रोहू, कतला, झिंगे, कधी मरळ. कोण्या बाईनं "ताजी आहे का वं?" असं विचारलं की मी म्हणत होती, "नाई, तुह्या लग्नातली उरली होती." माह्या तोंडाले गावं भेत होती, पण वाट बी माहीच पाहत होती. माहे ते दिवस चांगले होते. तेव्हा मले ते समजलं नाई, अन् ज्याचे दिवस चांगले असतात त्याले कधी समजतच नाई.

चप्पल

दुखणं नेमकं कधी लागलं ते सांगता नाई येत. आधी टोपलं उतरवल्यावर कंबरेत कळ येत होती. मंग टोपलं डोक्यावर असतानाच येऊ लागली. मंग एक दिवस मी नुसती शिंकली, अन् कंबरेतून डाव्या टाचेपर्यंत विजेच्या तारेले हात लागल्यावानी झालं. तिथीच रस्त्यात बसली. मासोळ्या सांडल्या, कुत्र्यानं एक कतला उचलून नेला, मी त्याले शिवी देऊन राह्यली अन् रडून बी राह्यली.

त्याच्या आधीपासून दुसऱ्या गोष्टी होत होत्या, पण त्या कोणी एकीले एक जोडल्या नाईत. तहान एवढी लागे की माह्यासाठी वेगळा माठ भरून ठेवाव लागे. मी जिथी लघवीले बसत होती तिथी मुंग्या लागत. अन् एकदा तं पायातली एक चप्पल रस्त्यातच निसटून राह्यली अन् मी एकाच पायात चप्पल घेऊन गावात पोहोचली. एका बाईनं बोट दाखवलं तेव्हा समजलं. ती म्हणे, "काय वं अनुसया, दुसरी कोणाले दिली?" आमी दोघी पोट धरून हासलो.

गावानं आपला न्याय लावला. म्हणे, एवढ्या लोकांच्या चमका हिनं आपल्या पायानं काढल्या, त्या गेल्या कुठी? हिच्याच अंगात जमा झाल्या. रेखाचा बाप म्हणे, "तसं काही नाई, टोपलं जड होत होतं. भरत तं मीच होतो." दोन्ही गोष्टी मले खऱ्या वाटत. माह्या कंबरेले पाय लावाले कोणी नव्हतं. पायाळूले पायाळूचा पाय चालत नाई, उलटा पडते म्हणतात. मी माहा स्वतःचा पाय माह्या कंबरेवर कसा ठेवणार?

बिबा

तुळसाबाई माही नणंद. घरवाला मेल्यापासून ती आमच्याच घरी राहते. मायेची बाई. माह्याहून जास्त तीच रडे. तिनं एक दिवस म्हटलं, "वैनी, चमक आत बसली आहे. बिबा दिल्याशिवाय निघाची नाई."

बिबा आमच्या जंगलातलाच. दाभणाले टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटते. ते गरम गरम दुखत्या जागी फुलीसारखं लावतात. असं म्हणतात की बिबा लावताना मोठमोठे गडी बोंबलतात. मी पदराचा बोळा तोंडात धरून पालथी पडली. मी वाट पाहत होती की आता भाजन, आता भाजन. मंग तीच म्हणाली, "झालं."

मी म्हटलं, "लावला?"

"लावला ना. काय हिंमतीची बाई आहे वं तू."

शेजारच्या बाया बी बोलल्या की अनुसयानं हू का चू केलं नाई. मले गर्व वाटला. मी उठून सगळ्याले चहा ठेवला. ती हिंमत नव्हती. माह्या चामडीतली जाण गेली होती अन् आमी सगळ्या मिळून तिची तारीफ करून राह्यलो होतो. हे ज्यानं कोणी वाचलं असन त्याले मी हात जोडून सांगून राह्यली. ज्या ठिकाणी दुखाले पायजे तिथी दुखलं नाई, तं खुश नको होऊ. तिथीच भ्याचं असते.

बिब्याचा फोड आला, फुटला, अन् मंग मिटलाच नाई. पहिले मोहाच्या बीएवढा होता. पाहता पाहता तळहाताएवढा झाला. लुगडं चिकटे. वास येऊ लागला. मासोळी विकणारीच्या अंगाले वास येते म्हणून लोक तसेही बोलत, पण हा वास मले स्वतःले ओळखू येत होता, तो मासोळीचा नव्हता.

साखर

रेखाच्या बापानं मले यष्टीत घालून गडचिरोलीले नेलं. बसता येत नव्हतं, म्हणून मी सगळा रस्ता दांडा धरून उभी. एका पोलीसवाल्यानं उठून जागा दिली, तं त्याले बी मी "बसता येत असतं तं बसली नसती का" असं म्हटलं. तो बिचारा पुन्हा आपल्या जागी बसला.

दवाखान्यात त्यांनी पाठ पाह्यली, रक्त काढलं, लघवी तपासली. डॉक्टरीणबाई जवान होती, रेखापेक्षा थोडी मोठी असन. तिनं कागद पाह्यला अन् खुर्ची माह्याजवळ ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असते, हे मी तिथीच शिकली.

"तुम्हाला शुगर आहे, बाई. पुष्कळ वाढलेली आहे. आणि बऱ्याच दिवसांपासून असावी."

मी हासली. मी म्हटलं, "आमच्या घरी साखर पाहुण्यापुरती राहते. तो रोग तं शेठलोकांचा."

"तो घर पाहून येत नाही," असं ती म्हणाली. ती हासली नाई.

मले वाटलं, चला, जखमेचं कारण सापडलं, कंबरेचं वेगळं. तं तिनं सांगितलं, वेगळं नाई. तिनं दोन मुठी एकीवर एक ठेवल्या अन् मधात कापसाचा ओला बोळा धरला. म्हणे, "हे दोन मणके. मधे ही गादी." मी म्हटलं, "आमच्याकडे तं गोधडीच आहे." तेव्हा मात्र ती थोडी हासली. मंग सांगू लागली. "या गादीला रक्ताची नस पोहोचत नाही. आजूबाजूच्या हाडांतून जे पाझरतं तेवढंच तिचं खाणं. रक्तात साखर साचली की ते पाझरणंच बिघडतं. गादीच्या आत बारीक बारीक पेशी असतात, जिवंत. त्याच तिला ओली ठेवतात. साखरेनं त्यांच्यावर आतून गंज चढतो, लोखंडावर चढतो तसा. त्या मरतात. मग गादी सुकते, फाटते, आणि सरकून पायाच्या नसेवर बसते. हे सगळं अजून आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही. पण शुगरवाल्यांच्या गाद्या लवकर जातात, हे दिसतं."

रेखाचा बाप भिंतीपाशी उभा होता. तो हळूच बोलला, "उन्हाळ्यातल्या बोडीवानी. नवं पाणी येत नाई, जुनं नासते. मंग मासोळ्या वर येऊन तोंडं उघडतात."

"तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"म्हणजे टोपल्यानं नाई झालं?"

"टोपल्यानंही झालं. पण नुसत्या टोपल्यानं एवढं झालं नसतं."

त्यानं यातलं पहिलंच आयकलं. पुढचं त्याच्या कानात गेलंच नाई, अन् अजून बी गेलं नाई.

वार्ड

वार्डातला दिवस सुईनं सुरू होय. पोटाले सुई, मंग बोट टोचणं, मंग जखम धुणं. जखम धुताना सिस्टर म्हणे, "दुखलं तर सांगा," अन् मी म्हणत होती, "दुखलं तं मी पेढे वाटीन." दुखणं बाहेर नव्हतं. आत होतं. कंबरेतून पोटरीत उतरत होतं, अन् तिथून पुढे पाऊल आपलं नसल्यासारखं. रातच्यापेक्षा मले दुपार भारी जाय. सगळे झोपत अन् पंखा फिरत राहे, अन् मी छताले पाहत विचार करत होती की आता घरी तलावावर कोण असन, मासोळी कोण विकत असन.

अन् भात बंद. सांगाले सोपं आहे. आमी सकाळी पेज पिणारे, दुपारी भात खाणारे, संध्याकाळी बी भातच. डॉक्टरीणबाई म्हणे, "बिलकुल बंद नाही, वाटीभर." वाटीभर भात आमच्याकडे कावळ्याले ठेवतात. ताटात पोळी आली की मी तिच्याकडे पाहत होती अन् ती माह्याकडे.

बाजूच्या खाटेपाशी धानोऱ्याकडच्या जंगलातली एक गोंड बाई होती, नवऱ्यासोबत आलेली. तिले मराठी येत नव्हती, मले गोंडी येत नाई. एक दिवस ती उठून माह्या उशाशी आली. माह्या केसाच्या जटा झाल्या होत्या, मले हात वर करून फणी फिरवता येत नव्हती. तिनं आपल्या गाठोड्यातली फणी काढली, टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बीचं, तेल लावलं, अन् एकेक गुंता सोडवत बसली. मधात काहीतरी बोलली. मी म्हटलं, "हव बाई." काय बोलली देव जाणे. तेवढ्या आजारपणात कोणी मले हात लावला अन् त्या हातात सुई नव्हती, असं तेव्हाच झालं. तिचा नवरा मंग मेला. ती आपल्या गावाले गेली तेव्हा मी झोपेत होती.

नागपूर

डॉक्टरीणबाईनं चिठ्ठी देऊन नागपूरले पाठवलं. तिथी मले मशीनीच्या बोगद्यात घातलं, आत ढोल वाजत होते. मंग मोठ्या डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला. मले म्हटलं, "पायाचा अंगठा वर करा." उजवा वर झाला. डावा झाला, पण थरथरत, अन् त्यानं बोटानं दाबला तं लगेच पडला.

त्यानं साफ सांगितलं. गादी नसेवर बसली आहे. आपरेशन करून काढता येते, अन् लवकर काढली तं पाय वाचण्याची आशा आहे. पण दोन गोष्टी आड होत्या. साखर उतरली पायजे. अन् जिथी चिरा द्याचा, बरोबर तिथीच बिब्याची जखम होती. पिकलेल्या जखमेतून मणक्यात हात घातला तं पू आत जाईन अन् बाई हातची जाईन.

"जखम सुकली की लगेच या," तो म्हणाला. "उशीर करू नका."

मी रेखाच्या बापाले विचारलं, "जखम कवा सुकन?" तो म्हणाला, "साखर उतरली की." "अन् साखर कवा उतरन?" तो यष्टीची तिकिटं काढाले गेला. बिबा लावला नसता तं त्याच वेळेस मले टेबलावर घेतलं असतं. ही गोष्ट दोघाच्या बी मनात होती अन् दोघं बी तुळसाबाईचं नाव काढत नव्हतो.

वाट

घरी आल्यावर माही सगळी जिंदगी त्या एका जखमेत येऊन बसली. सुकली तं पाय, नाई सुकली तं नाई. रेखाचं सासर सिंदेवाहीले. तिनं तिथून ज्वारीचं पीठ पाठवलं. तुळसाबाईले ज्वारीची भाकर थापता येत नव्हती, तिच्या हाताले तांदळाच्याच पिठाची सवय. तुकडे तुकडे होत. मी तुकडे खात होती. सुई रेखाचा बाप देऊ लागला. पहिल्या दिवशी त्याचे हात एवढे कापले की मी म्हटलं, "जाळं टाकताना असे कापतात का जी? मंग तं सगळी मासोळी हासत पळत असन." तेव्हापासून नीट देऊ लागला.

जखम धुवाचं काम तुळसाबाईनं घेतलं. कोणाले हात लावू देत नव्हती. रोज धुवून झालं की मी विचारत होती, "कमी झाली का?" अन् ती रोज म्हणत होती, "झाली ना, थोडी." एक दिवस मी आरसा मागितला. तिनं नाई म्हटलं. मी तोंड सोडलं. म्हटलं, "तूच जाळलं, आता तूच लपवून राह्यली." ती उठली, गरम पाण्याचं भांडं बाहेर नेलं, अन् आंगणात बसून राह्यली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पट्टी सोडली, अन् म्हणाली, "वैनी, आज थोडी कमी आहे, खरंच." मी तिचा हात धरला. माफी मागाची होती, पण मले ते येत नाई, कधी शिकलीच नाई. मी म्हटलं, "तुही भाकर आता जरा गोल होऊन राह्यली." तिले समजलं.

मारोतीभाऊ

रोवणी लागली. मले वाटलं, खाटेवर पडलेल्या बाईकडे आता कोण येते? पण लोक आले. म्हणत, "बाई, तू उठू नको. आमी खाटेखाली पडतो, तू वरून पाय सोड." मी हाकलत होती. म्हणत होती, "माहंच घर जळून राह्यलं, अन् तुमी माह्याकडे इस्तव मागाले आले?" तरी दोघातिघाले लावला. पाय खाली लोंबता सोडून टोकानं हळूच. त्यांची पाठ लागे की नाई ते मले डोळ्यानंच पाहाव लागे.

मंग मारोतीभाऊ आला. म्हातारा, आमच्याच गल्लीतला, मी लग्न होऊन आली तेव्हापासून दर साल माहा पाय घेते. खाटेच्या बाजूले पालथा पडला. मी उगवतीकडे तोंड केलं, पाय सोडला, अन् उचलाले गेली. पाऊल उचललं नाई. मांडी हालली, गुडघा हालला, पण पाऊल ओल्या फडक्यावानी लोंबत राह्यलं. मी अंगठ्याकडे पाहून त्याले मनात म्हटलं, ऊठ. पुन्हा म्हटलं. तो माहं आयकत नव्हता. ज्या पायाच्या लोक पाया पडत होते, तो मले ओळखत बी नव्हता.

मारोतीभाऊ खालून म्हणाला, "लाव ना बाई."

मी बोलाले नाई पायजे होतं, पण बोलली. "लावला, भाऊ. उठा."

तो एका हातावर जोर देऊन उठला. कंबर इकडे तिकडे केली. "बरं वाटते," असं म्हणाला, "पहिल्यापेक्षा हलकी झाली." अन् कोनाड्यात लाखोरीची डाळ ठेवून गेला. मी भिंतीकडे तोंड केलं. आतापर्यंत एवढ्या माणसाले मी काय देत होती, अन् ते काय घेऊन जात होते, याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा आला. अन् हे बी समजलं की नागपूरचा डॉक्टर ज्या पायासाठी घाई करत होता तो पाय गेला. मी कोणाले सांगितलं नाई. जखम सुकेपर्यंत घरातल्याले आशा राहू दे म्हटलं.

सुकली

जखम सुकली. धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा ती कोरडी झाली. तुळसाबाईनं देवाजवळ नारळ फोडला, अन् आरसा आणून मले दाखवला. काळी, चकचकीत, ओढलेली चामडी. ती एवढी खुश होती की मी बी हासली.

नागपूरचा डॉक्टर हातोडी घेऊन बसला. गुडघ्यावर मारली, टाचेवर मारली, तळव्यावर काडी ओढली. "हे पाऊल कधीपासून पडलं?" असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, रोवणीपासून. रेखाच्या बापानं माह्याकडे पाह्यलं. माहं तोंड खाली होतं.

डॉक्टरनं फोटो पाकिटात ठेवला. म्हणाला, "आता आपरेशन करून पाय परत येईल असं मी म्हणणार नाही. नस फार दिवस दबून राहिली, आणि शुगरनं ती आधीच कमजोर होती. वरची गादीही सुकत चालली आहे. एक काढली तर दुसरी उद्या जाईल. तुमच्या हृदयाचा कागदही चांगला नाही. मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही." वाईट माणूस नव्हता तो. माह्या खांद्यावर हात ठेवला होता. पण मी ज्यासाठी भात सोडला, तुकडे खाल्ले, रोज पोटाले टोचून घेतलं, ते काही राह्यलं नव्हतं. साखर तेवढी उतरली होती. कागदावर चांगली दिसत होती म्हणे.

आता

ज्याले वाचून काही घ्याचं असन त्यानं एवढं घ्यावं. कंबर दुखते अन् तहान बी लागते, पाय बधिर लागते, तं रक्त तपासून घे. बिबा मंग. पायाळू त्याच्या बी मंग. मी पायाळू आहे, मी सांगून राह्यली. याच्यापेक्षा जास्त शहाणपण माह्याजवळ नाई, अन् हे बी मले फुकट नाई भेटलं.

आता उजव्या पायात बी मुंग्या येतात. ते काय आहे ते मले मालूम आहे. मी कुबडीवर थोडी उभी राहत होती, ते बी आता होत नाई. रेखाचा बाप मले सकाळी खाटेवरून उचलून मोरीत नेते अन् परत आणते. मले आंघोळ घालून मंग तो तलावावर जाते. मासोळी आता दुसरी बाई विकते. तिचं तोंड गोड आहे, पण ती बाजारात ठकते. उचलताना कधी कधी तो म्हणते, "टोपलं मीच भरत होतो." मी म्हणते, "टोपल्यानं नाई जी, साखरेनं." तो म्हणते, "हव." पण त्याचं मन मानत नाई.

मागच्या आठवड्यात मले उचलताना त्याच्या कंबरेत चमक भरली. मले खाली ठेवता येईना अन् धरता येईना. तुळसाबाई धावून आली म्हणून मी पडली नाई. तो भिंत धरून उभा राह्यला, घाम आलेला. तुळसाबाई म्हणाली, "बाजूच्या गावात एक पायाळू आहे, त्याले बोलावून आणते." तो म्हणाला, "घरी असताना बाहेरचा कशाले?"

अन् तो खाली पडला, खाटेच्या बाजूले, पालथा. म्हणाला, "रेखाची माय, पाय दे."

मी म्हटलं, "उचलत नाई. तुमाले मालूम आहे ना?"

"मी घेतो."

त्यानं पालथं पडल्या पडल्या हात मागे वळवला, माहा घोटा चाचपून धरला, अन् पाऊल आपल्या कंबरेवर ठेवलं. उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा एकदा. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं कधी माहा पाय मागितला नव्हता. बायकोच्या पायानं लाथ खावाची नाई म्हणे. मी उगवतीकडे तोंड केलं. माहं पाऊल त्याच्या पाठीवर होतं, मी डोळ्यानं पाहत होती, अन् पाठ गरम आहे की थंड आहे ते मले समजत नव्हतं.

या वेळेस बोलाचं नसते. पण मीच बोलली. "लागला का जी?"

"लागला," तो म्हणाला.

"बरं वाटते?"

"वाटते ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मले उचलाले वाकला. मी त्याच्या गळ्यात हात घातला. त्यानं दात दाबून धरले, अन् तरी त्याच्या नाकातून जो आवाज निघाला तो माह्या कानाशीच होता. त्यानं मले उचललं.